बैठका चुकवणारा पहिलवान

माणसाची नाडी मनगटातच असते अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. वैद्य मनगट धरतो, डॉक्टर मनगट धरतो, नाटकात राजवैद्य येतो तोही मनगटच धरून मान हलवतो. त्यामुळे पेशंटला टेबलावर आडवं करून मी त्याच्या जांघेत बोटं रुतवली की तो दचकायचा. एका हेडमास्तरांनी तर माझा हात धरून विचारलं होतं, "डॉक्टर, खोकला वर आहे, तुम्ही खाली काय शोधताय?" ठाण्यात माझ्याविषयी याहून वाईटही बोललं जायचं, ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

ही खोड मला कशी लागली ते आज लिहायला बसलोय. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली, पण ही गोष्ट सांगायला घेतली की अजून मला खुर्चीत बसवत नाही. बायको म्हणते, "सुरू झालं यांचं!" होऊ दे सुरू. गोष्टच तशी आहे.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. टेंभी नाक्याजवळ माझा दवाखाना होता. बाहेर बाकडं, आत पडदा, पडद्यामागे तपासायचं टेबल, आणि कपाटात लाल आणि पिवळं मिक्श्चर. ताप, खोकला, जुलाब, गळवं, गोवर, यात दिवस जायचा. ब्लडप्रेशर मोजायचं पाऱ्याचं यंत्र मी घेतलं होतं खरं, पण ते पेन्शनरांसाठी. तेव्हा प्रेशर हा मान होता. नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ संध्याकाळी यायचे, बाही वर करून बसायचे आणि आकडा ऐकून मुलाला चांगले मार्क पडल्यासारखे खूश होऊन कट्ट्यावर जायचे. एखाद्याचं नॉर्मल निघालं तर तो हिरमुसायचा. "नीट लावलंय ना तुम्ही?" असं वर विचारायचा. चाळिशीच्या आतल्या माणसाला ते यंत्र लावायचं असतं हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

अशात एका सकाळी सदा आला. आला म्हणजे त्याला आणलं. नाकातून भळाभळा रक्त, डोक्यावर ओला टॉवेल, आणि नाकाशी फोडलेला कांदा. आणणारे होते वस्ताद, कोपरीच्या तालमीचे गुरू. पांढऱ्या मिशा, मान जवळजवळ नाहीच, आणि आवाज असा की बाकड्यावरचे पेशंट उठून उभे राहिले.

"घोळणा फुटलाय पोराचा," वस्ताद म्हणाले. "उष्णता, दुसरं काय नाय. खुराकात बदाम जास्त झाले."

मी नाकात बोळा घातला, रक्त थांबवलं. सदा एकोणीस वर्षांचा. शहाडच्या एका मिलमध्ये कामाला, आणि उरलेला वेळ तालमीत. खांदे असे की शर्टाच्या शिवणी हरल्या होत्या. आई कोपरीत राहायची, वडील लहानपणीच गेलेले. घोळणा सगळ्यांचाच फुटतो, म्हणून मीही थंड दूध सांगितलं आणि विसरून गेलो.

काही दिवसांनी तो पुन्हा आला, या वेळी एकटाच. रक्त येऊन थांबलं होतं. डोकं दुखतं म्हणाला. मी कंपाउंडरला पुडी बांधायला सांगितली, तरी तो उठेना.

"अजून काय रे?"

"पायांचं विचारायचं होतं. पण वस्तादांना सांगू नका मी आलेलो ते."

मग त्याने सांगितलं. तालमीत व्यायाम दोन तऱ्हेचे. जोर, म्हणजे हातापायांवर आडवं होऊन छाती जमिनीलगत घासत नेऊन वर यायचं, त्याने खांदे-छाती बनतात. आणि बैठका, त्यांनी मांड्या-पोटऱ्या. सदा जोर कितीही मारायचा. बाकीचे दमून मातीत पडले तरी हा चालूच. पण बैठका सुरू केल्या की थोड्याच वेळात त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, पाय जड व्हायचे आणि खाली बसावं लागायचं. जरा थांबलं की सगळं गायब.

"वस्ताद म्हणतात, तू चोर आहेस. जोर आवडतात म्हणून मारतोस, बैठका चुकवतोस. शिक्षा म्हणून डबल लावल्यात. पोरं मला अर्धा पहिलवान म्हणतात, डॉक्टर. मी नाय हो चुकवत."

त्याने पायजमा वर ओढला. वर एवढा थोराड देह आणि खाली पोटऱ्या पोस्टात बसून काम करणाऱ्या कारकुनासारख्या. पाय हाताला गार लागले.

आता माझं डोकं कुठे गेलं ते सांगतो. खाडीकाठी डास, आणि डास आले की हत्तीपाय आलाच. पाय जड होतात असं कोणी म्हटलं की आम्ही ठाण्याचे डॉक्टर आधी जांघेतल्या गाठी चाचपायचो, कारण त्या रोगाची सुरुवात तिथे सापडते. म्हणून मी सदाला टेबलावर घेतलं आणि बोटं रुतवली.

गाठ नव्हती. छान. हात काढून घेणार, तेवढ्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जिना उतरताना नेहमीच्या जागी पाऊल टाकावं आणि तिथे पायरीच नसावी, तसं. गाठी शोधताना त्या जागी बोटांखाली एक मोठी रक्तवाहिनी ठणठण उडत असते. आम्हाला तिची इतकी सवय असते की ती आहे हे आम्ही विसरतो. ती उडत नव्हती! दुसऱ्या बाजूला बघितलं. तिथेही शांतता. बराच वेळ बोट दाबून धरलं तेव्हा कुठे एक अगदी बारीक, उशिरा येणारा ठोका जाणवल्यासारखा वाटला, आणि तो माझ्याच बोटाचा तर नव्हे अशी शंका आली. मनगट धरलं, तर तिथे नाडी हातोड्यासारखी बडवतेय!

मी पेन्शनरांचं यंत्र ओढलं आणि एकोणीस वर्षांच्या पोराच्या दंडाला पट्टा बांधला. पारा चढवला, चढवला, आणखी चढवला. दोनशेच्या वर गेलो तेव्हा ठोके थांबले. ठाण्यातल्या कुठल्याही पेन्शनराने हेवा करावा असं प्रेशर! मग तोच पट्टा ओढूनताणून मांडीला बांधला आणि गुडघ्यामागे स्टेथोस्कोप लावला. निरोगी माणसाच्या पायात प्रेशर हातापेक्षा थोडं जास्तच असतं. इथे ते हाताच्या जेमतेम निम्मं. त्याला पालथं केलं, पाठीवर दोन खवाट्यांच्या मध्ये कान लावला, तर आत वारा घोंघावल्यासारखा आवाज. खवाट्याच्या कडेला हात ठेवला, तर कातडीखाली बारीक बारीक रक्तवाहिन्या थुडथुड उडतायत, जिथे कोणाच्याही उडत नाहीत.

"अरे सदा!" मी ओरडलोच. "तुला काय झालंय माहीत आहे?"

माझा चेहरा बघून बिचाऱ्याला वाटलं काहीतरी बक्षीस लागलंय. तोही हसायला लागला. आम्हा डॉक्टरांची जात अशी वाईट. कॉलेजात पुस्तकात वाचलेला, उभ्या जन्मात दिसेल न दिसेल असा रोग समोर टेबलावर पालथा पडला होता, आणि मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. तो रोग एका आईच्या एकुलत्या एका पोराला झालाय हे मनात यायला जरा वेळ लागला.

रोग साधा आहे समजायला. हृदयातून महाधमनी निघते, ती आधी वर जाते. तिथून डोक्याला आणि हातांना फाटे देते आणि मग छत्रीच्या मुठीसारखी वळून पाठीमागून खाली उतरते, पोट आणि पाय पोसायला. काही पोरं जन्मालाच येतात ती या वळणावर, फाटे फुटल्याच्या जरा पुढे, ती धमनी आवळलेली घेऊन. कोणीतरी दोऱ्याने करकचून बांधल्यासारखी. मग आवळल्याच्या वर पूर आणि खाली दुष्काळ. वर प्रेशर चढतं, डोकं दुखतं, घोळणा फुटतो, खांदे भरतात. खाली पाय गार आणि कमजोर. वस्ताद उष्णता म्हणत होते आणि आळस म्हणत होते, ती दोन्ही एकाच रोगाची टोकं होती.

फारच आवळलेलं असलं तर तान्हं मूल पहिल्या काही आठवड्यांतच धापा टाकायला लागतं. अशी तान्ही मुलं तेव्हा आमच्या हातून जायची आणि का गेली हे आम्हाला कळायचंही नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. बेताचं आवळलेलं असलं तर मूल खेळतं, वाढतं, शाळेत जातं, कोणाला पत्ता लागत नाही. मग कधीतरी शाळेच्या नाहीतर नोकरीच्या तपासणीत कोणी प्रेशर बघतं, किंवा कोणीतरी चुकून जांघेत हात घालतं. तेही झालं नाही तर ऐन उमेदीत डोक्यातली रक्तवाहिनी फुटते किंवा हृदय थकतं. अशी माणसं सहसा म्हातारी होत नसत.

मी सदाला तालीम बंद करायला सांगितलं. तो पांढराफटक पडला. "अहो, पुढच्या आठवड्यात शहाडच्या पुढे नदीकाठी जत्रा आहे. वस्तादांनी माझी कुस्ती लावलेय!"

कुस्ती! दम कोंडून, दात ओठ खाऊन, मानेवर दुसऱ्याचं वजन घेऊन, आणि प्रेशर आधीच दोनशेच्या वर! त्या मातीत काय होऊ शकेल ते माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी वस्ताद दवाखान्यात अवतरले.

"डॉक्टर, माझ्या पोराच्या डोक्यात काय भरवलंत? त्याला हार्टचा रोग? अरे, घोड्यासारखा पोरगा! बैठका चुकवायला निमित्त पाहिजे होतं, ते तुमी दिलंत."

"वस्ताद, त्याच्या पायांत रक्तच पोचत नाही. बैठका काढणार कशाने? तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी देताय."

"रक्त पोचत नाय तर चालतो कसा? धावतो कसा?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? आज संध्याकाळी तालमीत येतो. तुमच्या बोटांनीच बघा."

आणि मी खरंच गेलो. कोट काढून, जोडे बाहेर ठेवून, तालमीच्या तांबड्या मातीत उभा राहिलो. ऊन अजून कौलांवर होतं. मारुतीच्या तसबिरीखाली लंगोट कसलेले दहाबारा पहिलवान, आणि मी त्यांना सांगतोय, "सगळे उताणे पडा!" पोरं खुसखुसायला लागली. एकाला गुदगुल्या होत होत्या, तो हात लावायच्या आधीच लोळायला लागला. वस्तादांनी नुसतं बघितलं, तसा तो दगड झाला.

वस्तादांची बोटं म्हणजे आयुष्यभर मालीश केलेली बोटं. जागा एकदाच दाखवली, पुढे सांगावं लागलं नाही. एक हात मनगटावर, एक जांघेत. "दोन्ही ठोके एकदमच पडतात," ते म्हणाले. दुसरा पहिलवान. "एकदम." तिसरा. "एकदम. आयला, मजाच आहे!" त्यांना आता चेव चढला होता. एकेकाच्या जांघेत बोटं घालत ते पुढे सरकत होते आणि मी मागे मागे, लग्नात मुहूर्त साधायला निघालेल्या भटजीसारखा घाईला आलेला.

शेवटी सदा. वस्तादांनी मनगट धरलं, दुसरं बोट रुतवलं आणि थांबले. बोट जरा सरकवलं. पुन्हा थांबले. दुसरी बाजू बघितली. मग एकदम वळून आधीच्या पोराला पुन्हा उताणा पाडलं, त्याची नाडी लागली, तसे परत सदाकडे आले. तालमीत कोणी खुसखुसत नव्हतं. वस्तादांनी स्वतःच्या जांघेतही हात घालून बघितला. मग ते मातीत बसले.

"डॉक्टर," ते म्हणाले, "याला मी डबल बैठका लावल्या. वर काठी मारली पोटऱ्यांवर."

सदाच म्हणाला, "काठी काय लागली नाय, वस्ताद."

"गप बस," वस्ताद म्हणाले. "कुस्ती रद्द."

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात सदाला मीच घेऊन गेलो, त्याची आई आणि वस्ताद बरोबर. तिथल्या सर्जनांनी एक्सरेची फिल्म उजेडासमोर धरली आणि मला जवळ बोलावलं. फासळ्यांच्या खालच्या कडा जागोजागी उंदराने कुरतडल्यासारख्या खाल्लेल्या दिसत होत्या! मोठा रस्ता बंद म्हणून रक्ताने फासळ्यांखालून आडवाटा काढल्या होत्या, आणि त्या फुगलेल्या आडवाटांनी वर्षानुवर्षं धडका देऊन हाड झिजवलं होतं. रोगाची याहून स्पष्ट सही मिळत नाही.

"ठाण्यात हे कोणी पकडलं?" सर्जनांनी विचारलं.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझी छाती सदापेक्षा रुंद झाली. पुढचा तासभर शिकाऊ डॉक्टरांची रांग लागली, जो तो येऊन सदाच्या जांघेत बोटं घालून जाई. "डॉक्टर, आता तिकीट लावा," सदा मला म्हणाला.

त्याची आई मात्र एका कोपऱ्यात उभी होती. बारीकशी बाई, पदर घट्ट आवळलेला. छाती डाव्या बाजूने उघडायची, महाधमनीचा आवळलेला तुकडा कापून काढायचा आणि दोन्ही टोकं एकमेकांना शिवायची, हे सर्जनांनी तिला चित्र काढून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"रक्तानं आडवाट काढली म्हणता," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं तिथनंच चाललंय. मग चालू दे की तसंच. कापायचं कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, "आई, पाय त्या आडवाटेवर जगतील. पण वरचा पूर ओसरत नाही. तो आज ना उद्या डोक्यात फुटेल."

ती सर्जनांकडे वळली. "हे ऑपरेशन तुमी आधी किती वेळा केलंय?"

त्या काळी मुंबईत हे ऑपरेशन नुकतंच होऊ लागलं होतं. सर्जन म्हणाले, "फार वेळा नाही. आणि सगळे वाचले असंही नाही."

"खोटं बोलला नाहीत," ती म्हणाली. "करा."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही तिघं बाहेरच्या लांब व्हरांड्यात होतो. मला आतलं सगळं माहीत होतं, हाच मला शाप. आवळल्याच्या वर आणि खाली चिमटे लावलेले असतील, शिवण चाललेली असेल, त्या फुगलेल्या आडवाटांतली एक जरी सुटली तरी रक्ताचा लोंढा. मी अठरा वेळा उठलो आणि बसलो असेन. वस्ताद एकदाही बसले नाहीत. सदाची आई भिंतीला टेकून डोळे मिटून होती, आणि झोपली आहे की देवाचं नाव घेतेय, विचारायची आमची छाती नव्हती.

सर्जन बाहेर आले ते घामाने निथळत. "झालं," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे बघून चिमटीत धरल्यासारखी बोटं केली. "यातून ज्वारीचा दाणा गेला नसता हो!"

मी वस्तादांना मिठी मारली. त्यांनी उलट मारली तेव्हा माझ्या फासळ्या वाजल्या.

सदाने पुढे कुस्ती कधीच खेळली नाही. शहाडच्या मिलमध्ये तो चांगला वर चढला, लग्न झालं, पोरं झाली, पोरांना घेऊन दर दसऱ्याला सोनं द्यायला यायचा. मीही त्यानंतर नवं जन्मलेलं मूल असो की म्हातारा हेडमास्तर, प्रत्येकाच्या जांघेत हात घातल्याशिवाय सोडलं नाही. आता म्हणे मूल पोटात असतानाच पडद्यावर सगळं दिसतं. दिसू दे, त्याहून चांगलं काय! बोटं मात्र आळशी होऊ नयेत एवढंच म्हणणं.

पण मला मुख्य सांगायचंय ते इस्पितळातल्या त्या दिवसाचं. ऑपरेशननंतर आम्हाला पहिल्यांदा वॉर्डात सोडलं तेव्हाचं. सदा उताणा पडला होता, डावी कूस बांधलेली, चेहरा उतरलेला. आई चमच्याने पेज भरवत होती. वस्ताद खाटेच्या पायथ्याशी अवघडून उभे. त्यांनी मला हळूच विचारलं, "आता लागते का हो ती, खालची नाडी?"

"जांघेतलीच काय, आता पावलावरचीसुद्धा लागते," मी म्हटलं आणि पावलाच्या वरच्या अंगाला, अंगठ्याच्या रेषेत कुठे बघायची ती जागा दाखवली.

वस्ताद वाकले. सदाला कळलं ते काय करतायत, आणि त्याने पाय झटकन आखडून घ्यायला बघितलं. कळ आली तसा ओरडला, "वस्ताद, नको! तुमी माझ्या पायाला हात लावता? पाप लागेल मला!"

तालमीत शिष्याने वस्तादांच्या पाया पडल्याशिवाय मातीत पाऊल टाकायचं नसतं. उलटं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

"गप पड," वस्ताद म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय. नाडी बघतोय."

त्यांनी आधी एका पावलावर बोटं ठेवली, मग दुसऱ्यावर. सापडली. लगेच सापडली, मला त्यांच्या मिशा हलल्या त्यावरूनच कळलं. पण हात त्यांनी उचलला नाही. मान खाली, पाठ वाकलेली. आईने चमचा वाटीत ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. मलाही समोरचं नीट दिसेना.

"लागली का, वस्ताद?" मी विचारलं.

"नाय अजून," ते म्हणाले, आणि सदाची दोन्ही पावलं दोन्ही हातांत धरून तसेच वाकून राहिले.